इंजिनाचा नंबर

आउटबोर्ड मोटर म्हणजे बोटीच्या पाठीमागे बाहेरून अडकवायचं इंजिन. इंजिन, दांडा, गिअर, पंखा सगळं एकाच नगात. लहान मोटर असेल तर दोन स्क्रू सैल करावेत आणि उचलून घरी न्यावी. आम्ही इथे अजमानला दोघांत मिळून एक छोटी फायबरची बोट घेतली आहे. भागीदार मूळचे रेवदंड्याचे, माझ्याहून वडील. तिच्यासाठी सध्या जुनं इंजिन शोधणं चालू आहे. त्या निमित्ताने हा थोडा इतिहास.

अजमान हे अमिरातींतलं सर्वांत लहान राज्य. इथल्या लाकडी गलबतांसाठी सागवान यायचं ते आपल्या मलबारातून. बाजारात आधी भारताचा रुपया चाले आणि १९५९ पासून १९६६ पर्यंत खास आखातासाठी काढलेला रुपया. थोडक्यात, आपला किनारा आणि हा किनारा यांच्यात माल फिरणं काही नवीन नाही. फिरण्याच्या बाबतीत आउटबोर्ड मोटर तर सगळ्यांच्या पुढे.

ही मोटर लोकप्रिय केली ओले एव्हिनरूड या गृहस्थाने. जन्म १८७७, नॉर्वेचा. लहानपणीच आईवडिलांबरोबर अमेरिकेत विस्कॉन्सिनला गेला. म्हणजे तोही आमच्यासारखाच परदेशी! १९०९ मध्ये त्याने दीड अश्वशक्तीची मोटर बाजारात आणली. वजन ६२ पौंड, म्हणजे साधारण २८ किलो. पुढे १९६० मध्ये जपानच्या यामाहाने आपली पहिली आउटबोर्ड काढली. एव्हिनरूडच्या नावाची इंजिनं मात्र २०२० मध्ये बंद झाली.

जुनं इंजिन घेताना काय बघतात? कॉम्प्रेशन मोजतात. गिअरचं तेल दुधाळ झालं असेल तर सील गेलं, पाणी आत शिरलं असं समजायचं. इंजिन चालू करून थंडाव्याच्या पाण्याची धार नीट पडते का ते पाहायचं. हे सगळं मला ठाऊक होतं. पण आमचे भागीदार आधी खाली वाकतात आणि क्लॅम्पवरच्या पट्टीवरचा नंबर वाचतात. खरवडलेला दिसला की किंमत न विचारताच पुढे निघतात.

मुंबईकराला याचं कारण सांगायला नको. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा अतिरेकी हवा भरलेल्या रबरी बोटीतून कफ परेडला बधवार पार्कजवळच्या मच्छीमार वस्तीपाशी उतरले. तिथल्या कोळ्यांनी त्यांना पाहिलंही होतं. पुढे १६६ माणसं गेली. मागे राहिलेल्या त्या बोटीला यामाहाची आउटबोर्ड मोटर होती. तिच्या नंबरावरून माग काढत तपास जपानला आणि तिथून पाकिस्तानातल्या आयातदारापर्यंत पोचला. फेब्रुवारी २००९ मध्ये पाकिस्तानचं अंतर्गत खातं सांभाळणारे रहमान मलिक यांनी इंजिन कराचीत विकलं गेल्याचं मान्य केलं.

बोट कोणाची हे गावाला माहीत असतं. तिला नाव असतं, रंग असतो, नारळी पौर्णिमेला तिची पूजा होते. इंजिन मात्र आज या बोटीवर, उद्या त्या. सुटं होणं हा त्याचा मोठा गुण आणि तीच त्याची खोड. त्याचं सगळं चरित्र त्या चार-सहा आकड्यांत असतं. हल्ल्यानंतर आपल्याकडे कोळ्यांना ओळखपत्रं आली, बोटींना राज्याराज्याचे रंग ठरले. ते बरोबरच झालं. पण त्या रात्रीची सर्वांत भक्कम साक्ष एका यंत्राने दिली होती, आणि तीही कोण्या दुकानदाराने विक्रीची नोंद ठेवली म्हणून.

पाकिस्तानातला खटला वर्षानुवर्षं रेंगाळला, तो भाग वेगळा. पण जुन्या मालाच्या बाजारात कागद न मागता स्वस्त घेणारा प्रत्येक गिऱ्हाईक असा एक माग पुसत असतो. आम्हाला अजून इंजिन मिळालेलं नाही. कागदासकट मिळेल तेव्हा थोडे दिरहम जास्त गेले तरी चालतील.