जंजिऱ्याचे सिद्दी राजघराणे

हबसाणातून, म्हणजे आजच्या इथिओपिया व त्याच्या आसपासच्या मुलखातून, आलेल्या सरदारांचे कोकणातील राजघराणे. रायगड जिल्ह्यात मुरूडनजीक, राजपुरी खाडीच्या तोंडावरील बेटावरचा जंजिरा किल्ला हे त्याचे मुख्य ठाणे. हबशी माणसे गुलाम, शिपाई व खलाशी म्हणून दख्खनेत आली आणि कर्तबगारीने वर चढली. निजामशाहीचा कारभार पुढे मलिक अंबर या हबशी वजिराच्याच हाती होता. जंजिऱ्याचे सिद्दी निजामशाहीचे आणि ती बुडाल्यावर आदिलशाहीचे आरमारी अधिकारी होते.

या घराण्याचे खरे वेगळेपण वारसाहक्कात आहे. इथिओपियात १२७० मध्ये सत्तेवर आलेला सम्राटवंश आपले मूळ राजा सॉलोमन व शेबाची राणी यांच्यापर्यंत नेई. रक्ताचे नाते हाच त्याचा गादीवरचा दावा. जंजिऱ्यात मात्र प्रमुख वारला की, त्याला मुलगा असला तरी, आरमारातला खालोखालचा अधिकारी त्याच्या जागी येई. त्यामुळे सतराव्या शतकातील सिद्दींच्या यादीला वंशावळ म्हणता येत नाही. किल्ला अजाण वारसाच्या हाती पडण्याचा प्रसंग या रीतीने टळला, आणि बेटाच्या चिवटपणाचे मोठे श्रेय तिलाच द्यावे लागते. १६७० च्या सुमारास जंजिऱ्याचा प्रमुख फत्तेखान शिवाजी महाराजांना किल्ला देण्यास तयार झाला, तेव्हा संबळ, कासीम व खैर्यत या तीन सिद्दींनी त्याला कैद करून मोगलांचा आश्रय घेतला. कासीमला पुढे याकूतखान हा किताब मिळाला. १६८२ चा संभाजी महाराजांचा वेढाही निष्फळ ठरला.

गादी घरात राहू लागल्यावर तंटे वाढले. १७३३ मध्ये वारसांतील कलह पाहून पहिल्या बाजीरावाने मोहीम काढली. १७३६ मध्ये चिमाजी अप्पाने जंजिऱ्याचा सेनानी सिद्दी सात यास रणात ठार केले. गादीवर हक्क सांगणाऱ्या बालूमियाँला १७९१ मध्ये पेशव्यांनी सुरतेजवळ सचीनची जहागीर दिली. तेथे सिद्दींचे दुसरे संस्थान उभे राहिले.

इंग्रजी अमलात जंजिऱ्याच्या नवाबास ११ तोफांची सलामी होती; काठेवाडातील जाफराबादही त्याच्याकडे असे. मुस्लिम कायद्याप्रमाणे वारसा चालेल, अशी सनद त्याला मिळाली होती. सिद्दी अहमदखान (१८७९–१९२२) याच्या कारकिर्दीत मुरूडचा राजवाडा झाला. जुन्या प्रमुखांच्या दगडी कबरी राजपुरीजवळ खोकरी येथे आहेत. शेवटचे नवाब सिद्दी मुहम्मदखान यांच्या काळात, १९४८ मध्ये, संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले.