राहुटी आणि छावणी

पुणेकर 'जरा कॅम्पात जाऊन येतो' म्हणतो. जुनी मंडळी 'लष्करात' म्हणत. शब्द तंबूंच्या वस्तीचे, पण तिथे तंबू औषधालाही सापडत नाही!

पेशवाईत दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा निघत. बड्या सरदारांचे ऐसपैस डेरे, भोवती कनाती, हा सारा थाट कोरड्या हवेतला. वाऱ्यापावसात उपयोगी पडे ती ठेंगणी राहुटी. दोन खांब, वर आडवा दांडा, दोन्ही अंगांनी जमिनीपर्यंत उतरलेले कापड. वाऱ्याने झोंबावे अशी उभी भिंतच नाही. जाड सुती कापड भिजले की सूत फुगते, वीण घट्ट होते, पाणी वरच्यावर ओघळते. मात्र आतून हात लागला की तिथेच ठिबक सुरू. दोरही भिजून आखडतात. वेळीच सैल केले नाहीत तर मेखा उपटल्याच म्हणून समजा. शिवाय भोवती चर खणायला हवा.

पण हे सगळे चार सरींपुरते. चार महिने ओल्या जमिनीवर कापड कुजते, माणसे आणि घोडी आजारी पडतात. म्हणून पावसाळ्यात फौजा बहुधा घरी परतत, किंवा दूर मुलखात 'छावणी' करीत. छावणे म्हणजे शाकारणे. गवताने शाकारलेली झोपडी खरा आसरा देई. तंबू निवडायचा तो आठ महिन्यांसाठी. मोहिमांचे वेळापत्रकही त्यावरच बसलेले. खडकीची लढाईसुद्धा ५ नोव्हेंबर १८१७ची, म्हणजे दसरा उलटल्यावरचीच.