आधी इंजिनाची नाडी

वाचकहो, टॉर्क कन्व्हर्टर जन्माला आला तो जहाजासाठी! वाफेची टर्बाइन गरगर फिरे. जहाजाच्या पंख्याला मात्र संथ गती मानवे. या दोघांचा मेळ जर्मन अभियंता हेरमान फ्योटिंगर याने द्रवाच्या प्रवाहातून घातला. पेटंटचे साल १९०५. पुढे १९४८ च्या ब्युइक मोटारींत ‘डायनाफ्लो’ या नावाने हीच युक्ती आली.

आता जुन्या, वेगवान मोटारीसाठी कन्व्हर्टर निवडायचा, तर प्रश्न तोच, मेळाचा. ब्रेक दाबून गाडी जागीच धरली असता इंजिन जितक्या फेऱ्यांपर्यंत चढते, ती ‘स्टॉल’ गती. ती कमी पडली, तर सुटताना इंजिन दबते; फार ठेवली, तर घसर वाढून तेल तापते, गिअरबॉक्स बिघडतो. तेव्हा इंजिनाचा जोर किती फेऱ्यांवर येतो ते आधी पाहावे, मगच कन्व्हर्टर मागवावा.