वाणिज्यविद्येचे आचार्य

व्यापाराचे ज्ञान आपल्या मुलखात शतकानुशतके पेढीवरच दिले गेले. कोवळ्या वयाचा मुलगा मुनिमाशेजारी बसे, मोडी वळणाने रोजमेळ लिहावयास व खतावणी करावयास शिके, हुंडीचा वटाव कसा काढतात हे पाहून पाहून जाणून घेई, आणि कोणत्या आसामीस उधारी द्यावी व कोणत्या आसामीपासून हात आखडता घ्यावा हे त्यास आपले आपणच उमगू लागले, म्हणजे त्याचे शिक्षण पुरे झाले असे समजत. व्यापाऱ्यास घडविणाराही व्यापारीच असल्यामुळे, या व्यवहाराचे शास्त्र रचणारा आणि ते शिकविणारा अध्यापकांचा स्वतंत्र वर्ग असावा, ही गरजच कोणास भासली नाही.

ती गरज प्रथम तीव्रतेने भासली ती अमेरिकेत. रेल्वे, पोलादाचे कारखाने आणि विमा कंपन्या यांचा पसारा वाढून भांडवलाचा मालक एक व कारभार पाहणारा पगारी अधिकारी दुसरा अशी स्थिती जेव्हा आली, तेव्हा अशा अधिकाऱ्यांना विद्यापीठात शिक्षण द्यावे हा विचार बळावला. जोसेफ व्हार्टन या उद्योगपतीच्या देणगीतून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १८८१ मध्ये वाणिज्यशाळा निघाली, आणि १९०८ मध्ये हार्वर्डनेही आपली शाळा उघडली. शाळा निघाल्या, विद्यार्थी आले. परंतु शिकवावे कोणी? अर्थशास्त्राच्या पंडितांना कारखान्याचा अनुभव नव्हता, आणि ज्यांनी धंद्यात हयात घालविली होती त्यांच्यापाशी आपला अनुभव पारखून त्यातून नियम काढण्याची पद्धती नव्हती. ही उणीव भरून काढण्यासाठी शिकागो विद्यापीठाने १९२० मध्ये व्यवसायविषयातील पीएच.डी.चा अभ्यासक्रम सुरू केला, आणि १९२२ मध्ये हार्वर्डनेही त्याच दिशेने पाऊल टाकले. आरंभापासूनच या पदवीचा प्रधान हेतू अध्यापक व संशोधक घडविणे हा होता. श्रीमंत व्यापारी निपजविणे हे तिचे काम कधीच नव्हते.

दुसऱ्या महायुद्धानंतर या शाळांत विद्यार्थ्यांचा लोंढा आला आणि शिक्षणाच्या दर्जाचा प्रश्न ऐरणीवर आला. १९५९ मध्ये दोन अहवाल प्रसिद्ध झाले: फोर्ड फाउंडेशनसाठी गॉर्डन व हॉवेल यांनी लिहिलेला, आणि कार्नेगी कॉर्पोरेशनच्या साहाय्याने पिअर्सन यांनी तयार केलेला. दोहोंचा निष्कर्ष जवळजवळ एकच होता. अभ्यासक्रम उथळ आहेत, किरकोळ कारकुनी कसबांना त्यांत अवास्तव स्थान आहे, संशोधन दुबळे आहे. यास्तव अर्थशास्त्र, गणित, संख्याशास्त्र आणि मानवी वर्तनाची शास्त्रे यांच्या पायावर ही विद्या नव्याने उभारली पाहिजे. फोर्ड फाउंडेशनने या कामी मोठा निधी ओतला, आणि त्यानंतर नामांकित संस्थांत प्राध्यापकी इच्छिणाऱ्यास डॉक्टरेटखेरीज गत्यंतर उरले नाही.

आपल्याकडे मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयाची स्थापना १९१३ मध्ये झाली. १९१८ ते १९२० या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. आणि त्या वेतनातून शिल्लक टाकून, अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी त्यांनी पुन्हा लंडन गाठले व १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास डी.एस्‌सी. मिळविली. अध्यापकाच्या आसनावर बसल्यावरही विद्यार्थिदशा संपत नाही, याचा याहून उज्ज्वल दाखला आपल्या प्रांताच्या इतिहासात शोधूनही सापडणार नाही.

१९६१ मध्ये कलकत्ता व अहमदाबाद येथे भारतीय व्यवस्थापन संस्था स्थापन झाल्या. पहिलीस मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्या संस्थेचे आणि दुसरीस हार्वर्डचे साहाय्य मिळाले. अहमदाबादच्या आरंभीच्या अध्यापकांना अध्यापनाच्या प्रशिक्षणासाठी हार्वर्डलाच धाडावे लागले. परंतु अध्यापकांची अशी आयात कायम चालणे शक्य नव्हते, म्हणून १९७१ च्या सुमारास या संस्थांनी स्वतःचा ‘फेलो’ अभ्यासक्रम सुरू केला. प्रथम वर्ष-दोन वर्षे वर्गातील कसून अभ्यास, मग सर्व विषयांची व्यापक परीक्षा, नंतर प्रबंधाच्या आराखड्यास मंजुरी, आणि अखेर प्रबंध व त्याची तोंडी परीक्षा, असा हा चार-पाच वर्षांचा क्रम होता. या संस्था केवळ नोंदणीकृत सोसायट्या असल्यामुळे कायद्याने त्यांना पदवी देण्याचा अधिकार नव्हता, आणि म्हणून इतक्या परिश्रमानंतर विद्यार्थ्याच्या हाती पीएच.डी.च्या सनदेऐवजी ‘फेलो’ हा किताब पडे. संसदेने २०१७ मध्ये केलेला कायदा ३१ जानेवारी २०१८ पासून अंमलात आला तेव्हा कोठे हा अडसर दूर झाला. मधल्या जवळजवळ अर्धशतकात या ‘फेलो’ मंडळींनी देशातील अनेक व्यवस्थापन संस्थांत अध्यापन केले आणि त्यांच्या अधिकाराविषयी जाणत्यांनी शंका घेतली नाही, याचे कारण त्यांच्या प्रशिक्षणाची शिस्त सर्वांस ठाऊक होती.

या इतिहासातून जो बोध घ्यावयाचा तो स्पष्ट आहे. ही पदवी अध्यापकांच्या अभावातून जन्मली, आणि अध्यापनाची व जिज्ञासेची ओढ असणाऱ्यासच ती फळते. ज्याला धंद्यात लवकर पुढे जावयाचे आहे, त्याने आयुष्यातील उमेदीची चार-पाच वर्षे या मार्गावर खर्ची घालू नयेत. त्याच्यासाठी अन्य शिक्षण विपुल आहे. पण बाजारात, कारखान्यात, सहकारी संस्थेत माणसे असे का वागतात हा प्रश्न ज्याला स्वस्थ बसू देत नाही, आणि मिळालेले उत्तर पुढच्या पिढीस सांगितल्यावाचून ज्याला चैन पडणार नाही, त्याने हा मार्ग अवश्य धरावा. संस्थेच्या नावलौकिकाची चौकशी त्याने मागाहून करावी. आधी आपला प्रश्न निश्चित करावा, आणि तो प्रश्न ज्याच्याही जिव्हाळ्याचा आहे असा मार्गदर्शक शोधावा.