मोटारगाडीच्या एंजिनभागातील धातूंचे संक्षारण

मोटारगाडीच्या बॉनेटखालील भागात बीड, पोलाद, ॲल्युमिनियम, तांबे, पितळ व शिसे हे धातू एकमेकांच्या सान्निध्यात काम करीत असतात. उष्णता, आर्द्रता, विद्युत् प्रवाह व अम्लयुक्त बाष्प यांच्या संयुक्त परिणामामुळे या धातूंची जी रासायनिक झीज होते, तिला संक्षारण म्हणतात. ‘गंज’ ही संज्ञा काटेकोरपणे लोखंड व पोलाद यांनाच लागू पडते. तांब्यावरील निळसर हिरवा किंवा शिशावरील पांढरा थर हा संक्षारणाचाच निराळा प्रकार होय. या झिजेवरील उपायांचा इतिहास पाहता एक हानी टाळताना दुसरी उद्‌भवल्याची उदाहरणे वारंवार आढळतात.

तात्त्विक पार्श्वभूमी : व्होल्टा यांनी १८०० मध्ये विद्युत् घट तयार केला. दोन भिन्न धातू विद्युत् संवाहक द्रवात एकमेकांशी जोडले असता त्यांपैकी अधिक क्रियाशील धातू विरघळतो, हे तत्त्व त्यातून पुढे आले. त्याचा व्यावहारिक उपयोग हंफ्री डेव्ही (१७७८–१८२९) यांनी १८२४ मध्ये केला. ब्रिटिश युद्धनौकांच्या तळावरील तांब्याच्या पत्र्यांना त्यांनी जस्ताचे व बिडाचे तुकडे जोडले. तांब्याची झीज थांबली. परंतु विरघळणाऱ्या तांब्याचा विषारी परिणाम नाहीसा झाल्याने तळावर शेवाळ व शिंपले वाढून नौकांचा वेग मंदावला आणि तो उपाय सोडून द्यावा लागला. फ्रान्समध्ये सोरेल यांनी १८३७ मध्ये लोखंडावर वितळलेल्या जस्ताचा लेप देण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले. विसाव्या शतकात केंब्रिज येथील यू. आर्. एव्हान्झ (१८८९–१९८०) यांनी गंजण्याची क्रिया विद्युत् रासायनिक असल्याचे प्रयोगांनी दाखविले. ऑक्सिजन जेथे कमी पोहोचतो तेथे धातू अधिक झिजतो, हा त्यांचा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. बोल्टाच्या डोक्याखाली, नळीच्या पकडीखाली व चिखलाच्या थराखाली गंज प्रथम का धरतो, याचा उलगडा त्यातून होतो.

शीतन यंत्रणा : जुने रेडिएटर तांबे व पितळ यांचे असून त्यांचे सांधे कथिल व शिसे यांच्या डाखाने जोडीत. थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून त्यात अल्कोहॉल मिसळत. पण ते उडून जाई. १९२७ मध्ये अमेरिकेत एथिलीन ग्लायकॉल बाजारात आले. ते सहजासहजी उडून जात नाही. मात्र उष्णतेने व हवेच्या संपर्काने त्याचे ऑक्सिडीभवन होऊन अम्ले तयार होतात. म्हणून त्यात बोरेट, नायट्राइट, बेंझोएट यांसारखे संक्षारणरोधक घालू लागले. ॲल्युमिनियमाचा वापर वाढल्यावर सिलिकेटे व १९९० नंतर कार्बनी अम्लांची लवणे यांचा वापर वाढला. हे रोधक कालांतराने खर्ची पडतात. त्यामुळे पातळी पुरेशी असली, तरी शीतक ठराविक मुदतीने बदलावे लागते. भारताच्या बहुतेक भागांत गोठण्याची भीती नसल्याने रेडिएटरात नळाचे वा विहिरीचे पाणी भरण्याची प्रथा दीर्घकाळ होती. त्यामुळे क्षारांची पुटे साचत आणि संक्षारणरोधकाचा लाभ मिळत नसे.

विद्युत् घटमाला : केटरिंग यांच्या विद्युत् आरंभकाचा १९१२ पासून प्रसार झाल्यावर शिसे–अम्ल घटमाला हा मोटारगाडीचा आवश्यक भाग झाला. विद्युत् भारण होताना निघणाऱ्या वायूंबरोबर सल्फ्यूरिक अम्लाचे सूक्ष्म तुषार बाहेर पडतात व अग्रांच्या पकडींवर सल्फेटाचे थर जमतात. या थराचा रोध ०·०१ ओहम इतका अल्प असला, तरी १५० अँपिअर प्रवाह घेणाऱ्या आरंभकाला १·५ व्होल्ट दाब कमी मिळतो. चांगली घटमाला निकामी ठरविली जाण्याचे हे एक कारण आहे. अशा वेळी सांगाड्याला जोडलेले अग्र (सामान्यतः ऋण) प्रथम सोडवतात, थर खाण्याच्या सोड्याच्या विद्रावाने धुतात, तारेच्या कुंचल्याने घासून कोरडा करतात व पकड आवळल्यावर पेट्रोलियम जेलीचा हात देतात. सोडा घटाच्या आत जाऊ देत नाहीत. जाळ्यांच्या मिश्रधातूतील अँटिमनीऐवजी कॅल्शियम वापरल्याने वायूंची निर्मिती कमी झाली व १९७० नंतर पाणी न घालावे लागणाऱ्या घटमाला प्रचारात आल्या.

लवणे व संरक्षक लेप : अमेरिकेत १९४० नंतर रस्त्यांवरील बर्फ वितळविण्यासाठी मिठाचा वापर वाढला व गाड्यांच्या झिजेचा प्रश्न तीव्र झाला. कोकणपट्टीत हेच कार्य समुद्रावरील खारी हवा करते. पोलादावर फॉस्फेटाचा थर देण्याच्या पद्धतीचे एकस्व कॉस्लेट यांनी १९०६ मध्ये घेतले. रंग पक्का बसण्यासाठी ती आजही उपयोगी आहे. जस्तलेपित बोल्टांवर दिला जाणारा पिवळसर क्रोमेट थर फार परिणामकारक होता; परंतु षट्‌संयुजी क्रोमियम कर्कजनक आहे. कारखान्यांतील कामगारांना व भंगार हाताळणाऱ्यांना त्याचा धोका असल्याने यूरोपीय संघाने २००० च्या निदेशाने मोटारगाड्यांतील त्याच्या वापरावर निर्बंध घातले. त्याची जागा प्रामुख्याने त्रिसंयुजी क्रोमियमाच्या थरांनी घेतली.

आर्थिक महत्त्व : ब्रिटनमध्ये टी. पी. होर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७१ मध्ये संक्षारणामुळे होणारा देशाचा वार्षिक खर्च १३६·५ कोटी पौंड असल्याचे दाखविले. त्यांपैकी ३५ कोटी पौंड वाहतूक क्षेत्रातील होते. समितीच्या मते उपलब्ध ज्ञानाचा अधिक चांगला उपयोग केल्यास या ३५ कोटींपैकी १० कोटी पौंड वाचू शकले असते. त्यासाठी नव्या शोधाची गरज नव्हती. ज्ञात उपाय अभिकल्पकापासून दुरुस्ती करणाऱ्या कारागिरापर्यंत पोहोचणे आवश्यक होते.