फळी नसलेली रिंग : आयरीन व्हॅन डाइक आणि नेटबॉलची वीस वर्षं

1994 साली आपली बॅच दहावीच्या परीक्षेला बसली. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या नेटबॉल संघात आयरीन व्हॅन डाइक नावाची एक उंच मुलगी पहिल्यांदा खेळली. 2014 साली ती आंतरराष्ट्रीय खेळातून निवृत्त झाली तेव्हा तिच्या नावावर 217 आंतरराष्ट्रीय सामने होते : 72 दक्षिण आफ्रिकेकडून आणि 145 न्यूझीलंडकडून. तोवर नेटबॉलमध्ये एवढे सामने कुणीच खेळलं नव्हतं.

स्मरणिकेत परदेशातल्या खेळाडूवर लेख कशाला, असं कुणाला वाटेल. माझ्या ऑफिसच्या कामात न्यूझीलंडच्या सहकारी असतात. त्यांच्या बोलण्यात नेटबॉल असा येतो, जसा आपल्याकडे क्रिकेट. मुलींचा एक शाळकरी खेळ तिथे इतका मोठा कसा झाला, या कुतूहलातून मी वाचायला लागले. वाचता वाचता लक्षात आलं की या एकीच्या कारकिर्दीतच त्या खेळाचं रूप पालटलं. ती आली तेव्हा नेटबॉल हा नोकरी सांभाळून खेळायचा खेळ होता. ती गेली तेव्हा तो नोकरी होऊ पाहत होता.

आधी खेळाबद्दल थोडं. नेटबॉल दिसायला बास्केटबॉलसारखा. सात-सात खेळाडू, साडेतीस मीटर लांब आणि सव्वापंधरा मीटर रुंद मैदान, दहा फुटांवर रिंग. पण रिंगेच्या मागे फळी नाही, त्यामुळे नेम चुकला तर फळीवर आपटून चेंडू आत जाण्याची सोय नाही. टप्पे देत पळता येत नाही, चेंडू हातात आला की तीन सेकंदांत सोडावा लागतो. मैदानाचे तीन भाग असतात आणि कोणी कुठे जायचं हे छातीवरच्या अक्षरांवरून ठरतं. गोल करण्याचा हक्क फक्त दोघींना.

हे तीन भाग आले त्यामागे एक कथा आहे. बास्केटबॉलचा शोध अमेरिकेत 1891 साली लागला. पुढच्याच वर्षी सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो स्मिथ कॉलेजच्या मुलींना शिकवताना मैदानाचे तीन भाग पाडले. मुलींची फार दमछाक होऊ नये, हा त्यामागचा विचार. इंग्लंडमध्ये महिलांच्या शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयात या खेळाला वेगळं वळण लागलं आणि 1901 साली त्याचे नियम छापले गेले. तिथून शिक्षिकांच्या हातून तो ब्रिटिश साम्राज्यातल्या मुलींच्या शाळांत पोचला. 1960 साली निरनिराळ्या देशांच्या प्रतिनिधी सिलोनमध्ये म्हणजे आजच्या श्रीलंकेत भेटल्या आणि सर्वांसाठी एकच नियम ठरले. 1963 साली इंग्लंडमधल्या ईस्टबोर्नला पहिली जागतिक स्पर्धा झाली, ती ऑस्ट्रेलियाने जिंकली. म्हणजे हा खेळ शाळांनी वाढवला, बायकांनी चालवला आणि जवळपास शंभर वर्षं बिनपगारी राहिला.

व्हॅन डाइकचा जन्म 1972 सालचा, ट्रान्सवालमधल्या फेरीनिखिंगचा. तिच्या लहानपणी वर्णद्वेषी राजवटीमुळे दक्षिण आफ्रिकेला जागतिक स्पर्धांची दारं बंद होती. ती उघडली आणि 1995 साली बर्मिंगहॅमच्या जागतिक स्पर्धेत हा संघ थेट अंतिम फेरीत गेला. तिथे ऑस्ट्रेलियाकडून हरला, पण सहा फूट तीन इंच उंचीची ही गोल शूटर सगळ्यांच्या नजरेत भरली.

2000 साली ती नवरा आणि लहान मुलीसह न्यूझीलंडला गेली आणि त्याच वर्षी न्यूझीलंडकडून खेळू लागली. एका देशाची प्रमुख खेळाडू अशी दुसऱ्या देशात गेल्यावर टीका झालीच. तिकडे जे मिळत नव्हतं ते इकडे होतं : भक्कम स्थानिक स्पर्धा, दूरदर्शनवर दिसणारे सामने, भरलेली स्टेडियम्स. पूर्ण वेळ पगार मात्र इकडेही नव्हता. ती व्यवसायाने शिक्षिका. न्यूझीलंडमध्येही ती शाळेत शिकवत होती आणि देशासाठी खेळत होती.

2003 साली जमैकात किंग्स्टनला न्यूझीलंडने ऑस्ट्रेलियाला 49–47 असं हरवून जागतिक स्पर्धा जिंकली. 1987 नंतरचं हे पहिलं विजेतेपद. 2006 साली मेलबर्नच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक आलं. मग आला 2010 चा दिल्लीचा सामना. राष्ट्रकुल स्पर्धेच्या उद्घाटनाला न्यूझीलंडचा ध्वज व्हॅन डाइकच्या हातात होता आणि ऑस्ट्रेलियाचा शरेल मॅकमहॉनच्या हातात. दोघी नेटबॉलपटू. हेच दोन देश अंतिम सामन्यात भेटले. साठ मिनिटांत निकाल नाही, जादा वेळेत नाही. मग जो संघ दोन गोलांनी पुढे जाईल तो जिंकेल, असा खेळ सुरू झाला. शेवटी मारिया तुताइयाचा चेंडू रिंगेत पडला आणि न्यूझीलंड 66–64 ने जिंकलं. व्हॅन डाइक तेव्हा 38 वर्षांची होती. आपल्याच राजधानीत एवढं झालं आणि आपल्यापैकी कितीजणांनी ते पाहिलं?

खेळाचं अर्थकारण बदललं ते 2008 साली. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी आपापल्या स्पर्धा बंद करून दहा संघांची एकत्र एएनझेड चॅम्पियनशिप सुरू केली, पाच संघ इकडचे, पाच तिकडचे. प्रायोजक बँक, थेट प्रक्षेपण, खेळाडूंशी करार आणि मानधन. तरी याला अर्धव्यावसायिक म्हणणंच योग्य. बऱ्याचजणींना नोकरी किंवा शिक्षण सांभाळावंच लागे. व्हॅन डाइकचा वायकाटो बे ऑफ प्लेंटी मॅजिक हा संघ पहिल्याच वर्षी अंतिम सामन्यात हरला आणि 2012 साली जिंकला. ही स्पर्धा नऊ वर्षं चालली, पण तेवढ्यात ती जिंकणारा न्यूझीलंडचा हा एकच संघ.

2017 पासून दोन्ही देशांच्या वाटा वेगळ्या झाल्या. ऑस्ट्रेलियाच्या सुपर नेटबॉलमध्ये फुटबॉल आणि रग्बी लीगच्या क्लबांनीही संघ काढले. पैसा आला, आणि त्याच्याबरोबर पैशाचे प्रश्नही आले. 2020 साली प्रेक्षकांसाठी खेळ रंगतदार करायचा म्हणून लांबून मारलेल्या गोलला दोन गुण देण्याचा नियम आणला गेला आणि आम्हाला विचारलंही नाही, अशी खेळाडूंची तक्रार झाली. 2022 साली एका खाणकंपनीचं दीड कोटी डॉलरचं प्रायोजकत्व वादानंतर मागे घेतलं गेलं. कंपनीच्या संस्थापकाने पूर्वी आदिवासींबद्दल काढलेल्या उद्गारांमुळे संघातल्या आदिवासी खेळाडूला ते नाव अंगावर घालणं जड जात होतं. ऑगस्ट 2023 मध्ये केपटाऊनला ऑस्ट्रेलियाने बारावा विश्वचषक जिंकला, आणि सप्टेंबरअखेर करार संपल्यावर या जगज्जेत्या मुली बिनपगारी झाल्या. उत्पन्नात वाटा हवा, ही त्यांची मागणी होती. डिसेंबरमध्ये तडजोड झाली आणि तो वाटा मान्य झाला.

ही भांडणं वाचून खेळ बिघडला असं म्हणणारे भेटतात. मला उलट वाटतं. शंभर वर्षं या खेळात भांडण नव्हतं, कारण भांडायला काही हातातच नव्हतं. हौसेने खेळणाऱ्या बाईला सगळे शाबासकी देतात. ती हिशोब मागते तेव्हा लोक खेळाच्या पावित्र्याची आठवण काढतात. आपल्याकडे महिला क्रिकेटपटूंना पुरुषांएवढी मॅच फी 2022 साली जाहीर झाली आणि महिला प्रीमियर लीग 2023 साली सुरू झाली. त्याआधी दोन पिढ्या निव्वळ हौसेवर खेळून गेल्या.

आता थोडं आपल्याबद्दल. भारतात नेटबॉल फेडरेशन 1978 पासून आहे आणि शालेय स्पर्धांच्या यादीत हा खेळ आहे. आपल्या वेळी मुली खो-खो, कबड्डी, लंगडी खेळायच्या आणि छान खेळायच्या. दहावी झाली की खेळ सुटायचा. त्याला कुणी अन्याय म्हटलं नाही, तशी रीतच होती. व्हॅन डाइकचा खेळ चाळिशी उलटेपर्यंत टिकला, त्यात तिची जिद्द होतीच. पण तिच्यामागे स्पर्धा, प्रशिक्षक, मानधन आणि लेकुरवाळ्या खेळाडूला संघात जागा देणारी व्यवस्थाही होती.

या मेळाव्यातून जमणाऱ्या निधीचं काय करायचं, यावर चर्चा चालू आहे. प्रवेशद्वार, पाणपोई, संगणक अशा सूचना आल्या आहेत आणि त्या चांगल्याच आहेत. मी स्वतः संगणकावर पोट भरते, तरी माझं मत वेगळ्या गोष्टीला आहे. मुलींना शिकवायला एक प्रशिक्षिका नेमावी आणि तिला दरमहा वेळेवर, रीतसर मानधन द्यावं. खेळ कुठलाही असो. मैदान आपल्याकडे आहे, मुलीही आहेत.