कोडाक्रोमचा अखेरचा रोल
लिओपोल्ड मॅनेस आणि लिओपोल्ड गोडॉव्स्की या दोन संगीतोपासकांच्या परिश्रमांतून सिद्ध होऊन 1935 साली बाजारात आलेली कोडाक्रोम फिल्म आपले रंग स्वतःजवळ बाळगीत नसे. ते तिला धुलाईच्या वेळीच रसायनांतून, थरामागून थर, प्राप्त होत, आणि म्हणूनच ते काम घरच्या अंधारखोलीच्या आवाक्याबाहेर राहून मोजक्या प्रयोगशाळांच्या स्वाधीन झाले. डिजिटल छायाचित्रणाच्या अंमलात 2009 साली तिचे उत्पादन थांबले, तेव्हा कारखान्यातून निघालेला 36 चित्रांचा शेवटचा रोल छायाचित्रकार स्टीव्ह मॅक्करी यांच्या हवाली झाला. तो त्यांनी न्यूयॉर्कमध्ये, आपल्या मुंबईतही, एकेक चित्र मोजून खर्ची घातला. ही काटकसरच मला फिल्मवरच्या छायाचित्रणकलेचा प्राण वाटते. कॅन्ससमधल्या पार्सन्स गावच्या अखेरच्या प्रयोगशाळेने 2010च्या डिसेंबरअखेर धुलाईसाठी रोल स्वीकारणे थांबवले. कपाटात राहून गेलेल्या रोलांतून आता सहसा कृष्णधवल आकृतीच उमटतात.